बुर्गीच्या तळघरातले सामान

हे अव्यक्ता, तुला नमन असो. तू डोळ्यांना दिसत नाहीस, तरी दुधाचे दही तूच करतोस. हाताला लागत नाहीस, तरी पिठाला फुगवून हलके करतोस. एका घरच्या भांड्यातून दुसऱ्या घरच्या भांड्यात जातोस आणि दोन्हीकडे पुरून उरतोस. तुझ्या पायांवर मस्तक ठेवतो आणि आज एका बाईची गोष्ट सांगतो. ती तुला वेगळ्या नावाने हाक मारते आणि गुडघे टेकून हाक मारते. तुला दोन्ही ऐकू येते, म्हणूनच मला हे सांगण्याचे धाडस होते.

तिचे नाव वाल्बुर्गा हायगल. गाव तिला बुर्गी म्हणते. बव्हेरियाच्या उत्तर भागात, बोहेमियाच्या सीमेला टेकलेले लेर्खनरॉइट हे तिचे गाव आणि गेली कित्येक वर्षे माझेही. बुर्गीच्या हातून बिअर तयार होते, हे आधीच सांगून टाकतो. मी त्या पेयाचा थेंब घेत नाही आणि तिने मला कधी आग्रह केलेला नाही. माझ्या जागेसमोर ती सफरचंदाच्या रसाचा पेला न विचारता ठेवते. ज्या घरी न विचारता आपला पेला भरला जातो, त्या घराचे गुण गायला जिभेने कशाला लाजावे?

आमच्या गावात बिअरची भट्टी एकच आहे आणि ती कोणा एकाची नाही, गावाची आहे. ज्या जुन्या घरांना हक्क आहे, ती घरे पाळीपाळीने तिथे लाकडाचा जाळ करतात, मोड आणून वाळवलेला जव मोठ्या तांब्याच्या हंड्यात शिजवतात, त्यात हॉप्सच्या वेलीची कडवट फुले टाकतात, आणि तो गोड काढा रात्रभर माळ्यावरच्या पसरट परातीत निवला की सकाळी आपापल्या तळघरात नेतात. भट्टी एक, पाणी एक, जव एक. पण प्रत्येक घराची चव निराळी. ज्या घरची बिअर पिकली, ते घर दारावर सहा टोकांची लाकडी चांदणी टांगते. मग त्या घराचे स्वयंपाकघर सगळ्या गावाचे होते. बाके मांडली जातात, जाड, कापून खायची काळी भाकरी, मुळा आणि डुकराच्या मांसाचे थंड काप येतात, आणि घरमालकीण कमरेवर हात ठेवून कोण किती पितो याकडे लक्ष ठेवते.

ही चव निराळी का होते? काढा तळघरात आला की त्यात यीस्ट घालावे लागते. गावात त्याला कोणी यीस्ट म्हणत नाही, नुसते ‘सामान’ म्हणतात. मागच्या खेपेच्या तळाशी जो दाट, पिठूळ थर राहतो, तेच पुढच्या खेपेचे सामान. आपल्याकडे शेजारणीच्या घरून वाटीभर विरजण आणतात, अगदी तसेच हे सामान एका घरातून दुसऱ्या घरात जाते. पण देण्याघेण्याची रीत फार जपलेली आहे. ज्याला हवे त्याने स्वतः मातीची रिकामी बरणी घेऊन यावे, टेबलावर ठेवावी आणि दुसऱ्याच कशाबद्दल बोलत बसावे. मागायचे नाही. घरमालकाने उठावे, तळघरात जावे, बरणी भरून आणावी. पैसे द्यायचे नाहीत आणि आभारही मानायचे नाहीत. आभार मानले की सामान मरते, असे इथल्या म्हाताऱ्या सांगतात आणि तरुण हसत हसत पाळतात. अंगातले चैतन्य ज्याचे त्याचे नसतेच मुळी; मग आभार कोणाचे मानणार? हे तत्त्वज्ञान मला कोणत्या ग्रंथात नव्हे, त्या बरण्यांच्या येण्याजाण्यात उमगले.

बुर्गी उंच नाही, पण भट्टीत शिरली की तिच्यापुढे सगळे ठेंगणे दिसतात. हातातले लाकडी वल्हे हंड्यात घालण्याआधी ती त्याने हवेत क्रूस काढते आणि पुटपुटते, “आमचं झालं, आता तुझं.” तेवढीच तिची प्रार्थना. नवरा योसेफ गेल्यावर तिने बाकीच्या खोल्यांची आवराआवर बंद केली, पण पाळी एकदाही चुकवली नाही. पुढे दूरवरचे लोक आमची भट्टी पाहायला येऊ लागले, तेव्हा त्यांना हिंडवायचे काम गावाने तिच्या गळ्यात घातले. तिने कुरकुर केली, दुसऱ्या दिवशी नवा झगा शिवायला टाकला. शनिवारी दुपारी ती पाहुण्यांना भट्टीत नेते, जव चघळायला लावते, आणि मग घरी आणून तीन पेल्यांची चव देते. तिचा नियम एकच आहे: चव घेतल्यावर प्रत्येकाने काहीतरी सांगितलेच पाहिजे आणि ‘छान’ म्हणायचे नाही. “छान बिस्किटांना म्हणतात,” ती सांगते. जो छान म्हणेल, त्याने बशा उचलायच्या. आजवर एका न्यायाधीशाने आणि एका धर्मगुरूने तिच्या बशा उचललेल्या मी पाहिल्या आहेत.

बुर्गीला धाकटा भाऊ आहे, विलिबाल्ड. वाल्बुर्गा आणि विलिबाल्ड ही संत बहीणभावंडांची नावे. आईबापांनी ती हौसेने ठेवली, की पोरे एकमेकांना धरून राहतील. बापाचे घर, हक्क आणि तळघर बुर्गीकडे राहिले. विलिबाल्ड रेल्वेत लागला आणि वरच्या आळीत घरजावई झाला. त्याच्या सासरच्या घरालाही हक्क होता, तेव्हा तोही आपली खेप काढू लागला, सामान मात्र बहिणीकडूनच नेई. बरीच वर्षे हे सुखाने चालले.

मग हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी एका शेजाऱ्याच्या घरी चांदणी लागलेली असताना, भरल्या बाकांवर विलिबाल्ड म्हणाला की बुर्गीचे सामान आता बुर्गीसारखेच झाले आहे, थकलेले. लोक पोट धरून हसले. बुर्गीने पेला खाली ठेवला, शाल घेतली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी पाववाल्याच्या दुकानात, रांग उभी असताना, तिने सांगून टाकले की तिच्या तळघरातला थेंबही यापुढे त्या घरात जाणार नाही. गावात सामान नाकारल्याचे कोणी कधी ऐकले नव्हते. पण विलिबाल्ड बरणी घेऊन गेलाच नाही, त्यामुळे नाकारण्याची वेळही आली नाही. तो शहरातल्या मोठ्या भट्टीतून सामान आणू लागला. बहीणभाऊ चर्चमध्ये एकाच बाकावर बसत, कारण बाक घराण्याचा होता; पण मधे एक माणूस मावेल इतकी जागा राही, आणि त्या जागेत एकमेकांकडे न पाहता दोघे एकच स्तोत्र गात.

या वसंतात विलिबाल्डच्या मुलीचे, ट्राउडलचे, लग्न ठरले. लग्नाची बिअर वधूच्या बापाच्या तळघरातली असावी, हा इथला रिवाज आहे. ती दुसरीकडून आणली तर पाहुणे पितात, पण बोलतात. पिकायला सात-आठ आठवडे लागतात. म्हणून विलिबाल्डने आपली पाळी साधली, शुक्रवारी काढा शिजवला आणि शनिवारी सकाळी निवलेला काढा तळघरात ओतला. मग तो सामानाची बरणी आणायला पायरीपाशी गेला.

त्या पायरीवर नेहमी दोन बरण्या असत. एकीत सामान, दुसरीत डुकरिणीसाठी ठेवलेला गाळ. दिसायला दोन्ही सारख्याच. उरली होती ती चाखून पाहिली तर गाळच निघाला, तेव्हा त्याला कळले की आदल्या संध्याकाळी आपण डुकरिणीच्या कुंडात काय ओतले. गोठ्यात जाऊन पाहिले, तर ती पोट नगाऱ्यासारखे फुगवून, समाधानाने घोरत पडली होती.

सामानावाचून काढा जास्तीत जास्त संध्याकाळपर्यंत टिकतो; नंतर हवेतले भलतेसलते त्यात शिरते आणि तो नासतो. शहरातली भट्टी सोमवारपर्यंत बंद. गावात त्या आठवड्यात ताजे सामान एकाच घरी होते. ते घर कोणाचे, हे वेगळे सांगायला नको.

त्या दुपारी मी नेहमीप्रमाणे पेले मांडायला बुर्गीकडे गेलो होतो. पाहुण्या म्हणजे उत्तरेकडच्या एका गायनमंडळातल्या बायका. त्यांच्यात पिवळ्या टोपीची एक गप्पिष्ट बाई होती. त्या भट्टीच्या दारात गोळा झाल्या, आणि त्यांच्या मागे, रविवारचा कोट घालून, पाठीवर पिशवी लटकवून, विलिबाल्ड उभा राहिला. बहिणीच्या दारावर थाप मारण्याचे त्याला धैर्य नव्हते. पण शनिवारच्या पाहुण्यांना तिथे कोणीच अडवत नाही, एवढे त्याला ठाऊक होते.

बुर्गीने त्याला पाहिले. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. तिने रीतीप्रमाणे प्रत्येकीला गाव विचारले आणि शेवटी त्याच्याकडे वळली.

“आणि महाशय, आपण कुठून आलात?”

“जवळूनच. वरच्या आळीतून.”

“प्रवास कसा झाला?”

“लांबला जरा,” विलिबाल्ड म्हणाला. “बरीच वर्षं लागली.”

बायका हसल्या. बुर्गी हसली नाही. तिने प्रत्येकीच्या ओंजळीत जव घातला, त्याच्याही ओंजळीत घातला, आणि चावून मग बोलायला सांगितले. जन्मापासून ज्या भट्टीत तो वाढला, तिथे तो पाहुण्यासारखा जव चघळत उभा राहिला. पिवळ्या टोपीच्या बाईने त्याला आपुलकीने विचारले की यातले त्याला काही कळते का. तो म्हणाला, थोडेफार, अजून ऐकतो आहे. पुढे बुर्गीने भिंतीवरचे जुने वल्हे दाखवले आणि ते वडिलांनी घडवल्याचे सांगितले. तेव्हा मात्र त्याला राहवले नाही.

“वडिलांनी नाही, काकांनी. वडिलांना रंधा धरता येत नव्हता.”

“प्रश्न शेवटी विचारायचे,” बुर्गी म्हणाली आणि हंड्याकडे चालू लागली.

भट्टीतून आम्ही घरी आलो. बायका एकामागून एक आत शिरल्या, मीही शिरलो. विलिबाल्ड उंबऱ्याबाहेर थांबला. टोपी हातात, नजर पायपुसण्यावर. बुर्गी भाकरी कापत होती. तिने मान वर केली नाही, नुसती खिडकीला सांगितल्यासारखी म्हणाली, “दार उघडं ठेवलं की माश्या येतात.” हे आमंत्रण होते की तक्रार, हे त्याला ठरवायचे होते. त्याने आमंत्रण ठरवले, आत आला आणि दार लावून बाकाच्या टोकाला बसला. पिशवी त्याने पायांशी ठेवली.

पहिला पेला गोड काढ्याचा, दुसरा कोवळ्या, गढूळ बिअरचा, तिसरा पिकलेल्या बिअरचा. एकीला भाजलेल्या भाकरीच्या कडेची चव लागली, दुसरीला पावसात भिजलेल्या गवताच्या गंजीची. तिसरीच्या तोंडून ‘छान’ निघून गेले आणि सगळ्यांनी तिला बशा दाखवल्या. घरात हसण्याची लाट आली. आणि मग पाळी बाकाच्या टोकापाशी पोचली.

विलिबाल्डने तिसरा पेला उजेडापुढे धरला. वास घेतला. एक घोट तोंडात धरून ठेवला, आणि तो गिळून पुन्हा पेल्याचा वास घेतला. पिवळ्या टोपीच्या बाईने त्याला हळूच धीर दिला, की चुकले तरी चालते. बाहेर ऊन कलत होते आणि वरच्या आळीतल्या तळघरात लेकीच्या लग्नाचा काढा उघडा पडला होता.

“हे ते नाही,” तो शेवटी म्हणाला.

“काय ते नाही?” बुर्गीने विचारले.

“सामान. वडिलांच्या वेळचं जे होतं, ते हे नाही. तू बदललंस.”

बुर्गीने सुरी खाली ठेवली. हाताला लागलेले पीठ झग्याला पुसले.

“बदललं. त्याच हिवाळ्यात. बोहेमियातल्या मावशीच्या घरून आणलं.” मग पाहुण्यांकडे न पाहता, भावाकडे पाहत ती म्हणाली, “तू म्हणालास ते खरंच होतं, विली. थकलंच होतं ते. मला तुझ्याआधी कळलं होतं. पण तू ते भरल्या बाकांवर म्हणालास.”

इतकी वर्षे गाव धरून चालले होते की भाऊ खोटे बोलला म्हणून बहीण रुसली. तो खरे बोलला होता. खरे तिला एकटीला सांगितले असते, तर तिने त्याच रात्री त्याला पोटभर जेवू घातले असते. सत्यालाही बसायला जागा लागते, बाबांनो. ते हशाच्या मांडीवर बसवले की कोणाला तरी बोचते.

विलिबाल्ड उभा राहिला. रेल्वेत शिटी वाजवण्याआधी उभा राहत असेल, तसा ताठ.

“भरल्या बाकांवर म्हणालो, ते चुकलं,” तो म्हणाला. “आज बाक पुन्हा भरलेत. म्हणून आजच सांगतो. चुकलं माझं, बुर्गी.”

त्याने वाकून पिशवीतून मातीची रिकामी बरणी काढली आणि टेबलावर, भाकरीच्या शेजारी ठेवली. मग तो पुन्हा बसला आणि रीत पाळून पिवळ्या टोपीच्या बाईला विचारू लागला की तुमच्याकडे यंदा सफरचंदाला बहर कसा आला. ती बिचारी गोंधळली, पण प्रामाणिकपणे सांगू लागली की यंदा कमी आला, थंडी लांबली.

बुर्गी बरणीकडे पाहत राहिली. पाववाल्याच्या दुकानातले शब्द तिचे होते आणि तिचे शब्द ती मोडत नाही, हे सगळे गाव जाणते. मीही जाणत होतो आणि माझ्या हातातला पेला मला जड झाला होता. तिने बरणी उचलली, पालथी करून तळ पाहिला, नाकाशी नेली.

“धुतलीस कशाने?”

“गरम पाण्याने. फक्त.”

“बरं,” ती म्हणाली. मग तिने पाहुण्यांकडे तोंड केले आणि आपला वाटाड्याचा आवाज काढला. “मंडळी, हे एरवी दाखवत नाही. आमच्या गावात सामान कसं देतात, ते आज बघून घ्या. मागायचं नसतं. मागितलेलं नाही, तुम्ही साक्षी आहात. आणि न मागितलेलं नाकारता येत नाही.”

ती तळघरात उतरली. पायऱ्यांवरचा तिचा आवाज खाली खाली गेला, झाकणाचा आवाज आला, आणि ती वर आली तेव्हा बरणी तोंडापर्यंत भरलेली होती, वर थंड पाण्याचा पातळ थर होता. तिने ती भावापुढे ठेवली. त्याचे ओठ उघडले.

“तोंड मिट,” ती म्हणाली. “ट्राउडलचं लग्न आहे.”

त्याने तोंड मिटले. पण पिवळ्या टोपीच्या बाईला भरून आले होते, तीच त्याच्या वतीने म्हणून गेली, “किती किती आभारी आहोत आम्ही तुमचे!” विलिबाल्डने बरणीवर दोन्ही हात ठेवले, जणू वारा लागेल. बुर्गीने त्या बाईकडे पाहिले, आणि त्या दुपारी पहिल्यांदाच तिच्या ओठांचे कोपरे हलले. “पाहुण्यांचं धरत नाहीत,” ती म्हणाली. “पण बशा आता तुम्ही उचला.”

विलिबाल्ड बरणी छातीशी धरून, तान्हे मूल न्यावे तसा वरच्या आळीकडे गेला. ऊन मावळण्याआधी सामान काढ्यात पडले.

देणाऱ्याने एक दिवस सोडून घेणाऱ्याच्या घरी जाऊन सामान धरले की नाही ते पाहायचे, ही या रीतीची शेवटची पायरी. सोमवारी सकाळची प्रार्थना आटोपून बुर्गी वरच्या आळीत गेली. त्या घराच्या तळघराच्या पायऱ्या तिने इतक्या वर्षांत पाहिल्या नव्हत्या. पुढचे मला विलिबाल्डने सांगितले. ट्राउडलने दिवा धरला, आत्याचा हात धरला आणि तिला खाली नेले. लाकडी पिंपाचे झाकण सरकवले. काढ्यावर कडेकडेने पांढरी, दुधाच्या सायीसारखी नाजूक फेसाची वेल चढली होती आणि मधे एकेक बुडबुडा सावकाश वर येत होता. बुर्गीने कान पिंपाशी नेला. आत बारीक कुजबुज चालली होती, एखाद्या देवघरात जप चालावा तशी. ती बराच वेळ ऐकत राहिली. मग तिने बोटाने फेसावर क्रूस काढला आणि भाचीला म्हणाली, “धरलं. आता याला थंडीत ठेव आणि बापाला इथे गाणी म्हणू देऊ नकोस, त्याच्या सुराने नासेल.”

पुढच्या रविवारी घराण्याच्या बाकावर मधली जागा रिकामी नव्हती. तिथे ट्राउडल बसली होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंनी दोन म्हातारे आवाज एकच स्तोत्र गात होते.

बुर्गी, तुझ्या हातांना बळ असो आणि गुडघ्यांना पायऱ्यांची भीती नसो. तुझे तळघर थंड राहो, तुझी भाकरी उबदार राहो, आणि दारात येणारा कोणीही उंबऱ्याबाहेर उभा न राहो. तुझ्या भावाच्या घरी सूर नांदो, तुझ्या भाचीच्या संसारात गोडी मुरत मुरत वाढो. जो दोन्ही घरी न मागता पुरतो, तो तुम्हा सर्वांना असाच पुरत राहो, पिढ्यान् पिढ्या पुरत राहो.